वरच्या कप्प्यातले खेळ

लिफ्टमामाकडे चार लोखंडी कपाटं होती आणि त्याचे स्वतःचे कपडे मात्र दारामागे खिळ्याला टांगलेले असत. कपाटांत खेळ होते. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, सोंगट्या नव्हेत, आणि हल्ली फोनवर धडाधड गोळ्या घालतात तसलेही नव्हेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर चालणारे, एकही चित्र नसलेले, नुसत्या अक्षरांचे खेळ. काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटायची: तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर तमुक आहे. मग आपण टाइप करायचं, ‘दार उघड’ नाहीतर ‘दिवा घे’, आणि पुढे काय झालं ते पुन्हा अक्षरांतच वाचायचं. हे ऐकून कोणाला जांभई आली असेल तर त्याने ती खुशाल द्यावी. लिफ्टमामाला मात्र त्याच्यापायी आयुष्य अपुरं पडत होतं.

त्याला नाव होतं, पण ते कंपनीच्या हजेरीपटाबाहेर कोणी वापरलं नाही. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. थोरल्या बहिणीचा मुलगा लहानपणी ‘मामा, मामा’ करत त्याच्या हत्यारांच्या पिशवीला लोंबकळायचा, तेवढ्यावरून सगळी कंपनी त्याला मामा म्हणू लागली. आपल्याकडे मामा होणं म्हणजे काय ते सांगायला नको. पण या माणसाला त्याचं काही वाटत नसे. कोणी फसवलंच तर तो आधी कसं फसवलं याचा विचार करी, राग नंतर, आणि बहुतेक वेळा राग यायचा राहूनच जाई.

हे खूळ लागलं ते बत्तीस वर्षांपूर्वी, एका कचेरीत. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली, सुटा भाग यायला वेळ, म्हणून हा स्टुलावर बसून होता. शेजारी एक कारकून एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने टाइप करत होता. मामाने डोकावून पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं, तुम्ही एका बंद दारासमोर उभे आहात, दाराला मूठ नाही. मामा सकाळपासून अगदी तसल्याच दारासमोर उभा होता.

“फटीत पट्टी घाला,” तो म्हणाला.

“काय?”

“मूठ नाही ना? मग फटीत चपटी पट्टी घालायची आणि वर रेटायचं. आम्ही तसंच उघडतो.”

कारकुनाने घास तसाच धरून पट्टी घातली आणि दार उघडलं. त्या दारासमोर तो माणूस अकरा दिवस उभा होता. सुटा भाग आला, लिफ्ट चालू झाली, तरी मामा तिथून हलेना. शेवटी साहेबांनी विचारलं, लिफ्ट अजून बिघडलीय का? तेव्हा कुठे त्याने पिशवी उचलली.

तेव्हाच ते खेळ जुने झाले होते. लोकांना चित्रं हवी होती, रंग हवे होते. खेळ बनवणाऱ्या कंपन्या बंद पडत होत्या आणि कचेऱ्यांतले जुने कॉम्प्युटर तळघरांत जात होते. टाकून दिलेल्या वस्तू कुठे जातात हे गावात दोघांनाच ठाऊक असतं, एक भंगारवाला आणि दुसरा लिफ्टवाला. भंगारवाला यायच्या आत मामा पोचलेला असे. “हे नेऊ का?” एवढंच विचारायचा. लोक म्हणायचे, “ने बाबा, जागा होईल.” अशा रीतीने एकेक पुठ्ठ्याची पेटी, एकेक फ्लॉपी, एकेक कॅसेट घरी आली.

आणि आणली की टाकली असं नाही. फ्लॉपी आधी उजेडात धरून पाहायची. बुरशीचा ठिपका दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसायचा, अगदी हलक्या हाताने. मग ती यंत्रात घालून कान लावून बसायचं. दिवसभर दोर आणि चाकं ऐकणारा कान तो. खरखर जरा बदलली की मामा यंत्र थांबवी, दोन दिवस थांबून पुन्हा लावी. एकदा का सगळं नीट वाचलं गेलं की त्याची नक्कल करून मूळ फ्लॉपी पेटीत परत. पेटीतल्या बाकीच्या वस्तूही तितक्याच जपायच्या. त्या काळी खेळाबरोबर काहीबाही मिळे: हरवलेल्या काकाचं खोटं पत्र, जहाजाचं तिकीट, कोटाचं एक बटण. ते बटण नसेल तर पेटी पुरी नाही, असं मामाचं मत.

हाच छंद असणारे आणखी दोघे-तिघे त्याला पत्रांतून माहीत होते. त्यांना न उघडलेल्या पेट्या हव्या असत, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न फाटलेल्या. मामाचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. न उघडलेला खेळ म्हणजे न वाचता ठेवलेलं पत्र, ते जपून काय करायचं? त्याला वापरलेल्या पेट्या आवडत, कारण त्यांत कधी कधी पहिल्या मालकाने हाताने काढलेला नकाशा सापडे. या खेळांत नकाशा आपणच काढावा लागतो. एक चौकोन म्हणजे एक खोली, आणि खोलीतून खोलीत जाणारी रेघ. कोणी शाळेच्या वहीच्या पानावर काढलेला, कोणी बिलाच्या मागे. एका नकाशात कोपऱ्यातल्या चौकोनात कुणा मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे साप. मी तीनदा मेले.’ तो कागद मामाने काचेत बसवून घेतला. लग्नाचा फोटो लावायच्या जागी तो लावला होता, कारण लग्न झालं नव्हतं.

कपाटांचा नियम साधा होता. सुटलेले खेळ खालच्या कप्प्यात, न सुटलेले वरच्या. उत्तरांची पुस्तिका पेटीत मिळाली तरी ती उघडायची नाही. कोणाकडून इशारा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. वरच्या कप्प्यात एक खेळ एकोणीस वर्षं पडून होता.

सात वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले आणि मामा आपली चार कपाटं घेऊन तिच्याकडे राहायला आला. ताईने कपाटं पाहून कपाळाला हात लावला. “माणूस संसार घेऊन येतो, हा भंगार घेऊन आला,” ती म्हणाली आणि तिने दिवाणखान्याची एक भिंत मोकळी करून दिली. खेळांकडे ती ढुंकून पाहत नसे. तिला वर्तमानपत्र लागे, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत.

मग काचबिंदूने तिची नजर जायला लागली. आधी कडेकडेचं दिसेना, मग वर्तमानपत्र गेलं, मग माणसांचे चेहरे. दोन वर्षांत उरला तो उजेड आणि अंधार यांतला फरक, बस. ताई रडली नाही, पण चिडकी झाली. भांडी आपटायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची ते बंद झालं. मामाला फार वाईट वाटे आणि ते कसं बोलावं ते कळत नसे, म्हणून तो गप्प बसून खेळ खेळे. एका संध्याकाळी ती खुर्चीतून ओरडली, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस? वाचायचं तर मोठ्याने वाच.”

त्याने मोठ्याने वाचलं. खेळ सगळे इंग्रजीत, ताईचं इंग्रजी शाळेपुरतं, म्हणून तो वाचता वाचता मराठी करून सांगे. ‘तू एका ओसाड दीपगृहात आहेस. वर जाणारा जिना आहे. पायरीवर कंदील पडला आहे.’

“घे,” ताई म्हणाली.

“काय घेऊ?”

“कंदील. आणखी काय आहे तिथे?”

त्या दिवसापासून खेळणारी ती आणि टाइप करणारा हा. आता गंमत बघा, ज्या खेळांना चित्र नाही म्हणून जगाने टाकून दिलं, त्यांत ताईचं काहीच अडत नव्हतं. मामा पडद्याकडे बघत असे तरी त्यालाही तेवढंच दिसे जेवढं तिला. उलट तिला जास्तच. ती विचारायची, “तिथे वास कसला येतोय?” खेळात वासाचं अवाक्षर नसे. मामा आपल्या मनाने सांगे, ओल्या लाकडाचा. “हे तुझ्या पदरचं,” ती लगेच ओळखायची. पण चालवून घ्यायची.

आणि मामाने काही सुचवायला तोंड उघडलं की फटकारायची. “इशारा नाही. गप्प बस.” त्याचाच नियम त्याच्यावर उलटला होता.

या खेळांतला पहिला धडा तिने पटकन आत्मसात केला: जे दिसेल ते उचलायचं. दोरी असो, फुटका पेला असो, नंतर कुठेतरी उपयोगी पडतंच. दुसरा धडा शिकवला तो एकोणीस वर्षं पडलेल्या त्या वरच्या कप्प्यातल्या खेळाने. त्यात एक मिठाची खाण होती आणि खाणीत अकरा गुहा, सगळ्या एकसारख्या. वर्णनही शब्दन् शब्द तेच. कुठूनही कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. मामाचे सात नकाशे फुकट गेले होते. ताईने तिसऱ्या दिवशी विचारलं, “माझ्या पिशवीत किती वस्तू आहेत?”

“तेरा.”

“मग दरेक गुहेत एक टाक. जिथे पेला ती पेल्याची गुहा, जिथे दोरी ती दोरीची. झाल्या वेगळ्या.” अकरा गुहांना अकरा वस्तू पडल्या आणि आठवड्यात ती खाणीबाहेर आली. खाण सोडताना म्हणाली, “आता परत जा आणि सगळ्या गोळा करून आण. वस्तू मागे टाकून जायचं नाही.” मामा परत गेला. तो खेळ खालच्या कप्प्यात ठेवताना त्याला आनंदही झाला आणि थोडी लाजही वाटली.

असं सुरळीत चाललं होतं आणि मग शिवणवाल्या बाईंच्या घरचा तो प्रकार घडला.

ताईची इमारत पाच मजली, आणि मजले असे की साच्यातून काढलेले. लिफ्टसमोर लोखंडी कठडा, दोन्ही बाजूंना लांब बोळ, सगळी दारं एकाच रंगाची. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं पाचवं दार. दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या पाचव्या दारात शिवणवाल्या बाई राहत आणि उजेडासाठी दार उघडं ठेवत. ताई एकटी खाली फाटकापर्यंत जाऊन आली. येताना दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट थांबवली आणि ताई तिथेच उतरली. पाच दारं मोजली, आत गेली, पिशवी खुंटीला लावली (खुंटीसुद्धा त्याच जागी!) आणि खुर्चीत बसली. मशीनचा आवाज आला तशी कडाडली, “कोण आहे? माझ्या घरात शिवत काय बसलात?”

शिवणवाल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी चहा पाजला, वर आणून सोडलं. पण अशी गोष्ट पोटात ठेवायला माणूस दगडाचा लागतो. संध्याकाळपर्यंत इमारत हसली आणि तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. पुढच्या सोमवारी तो हजर झाला, परतीची दोन तिकिटं घेऊन.

भाचा आता विमा कंपनीत होता. कुठे काय धोका आहे ते मोजणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. मनाने वाईट नव्हता, आईवर त्याचा जीव होता. पण मोजायला बसला की थांबत नसे. “मामा, तू दिवसभर बाहेर. आज चुकीचं घर, उद्या चुकीचा जिना. मग?”

मामा पिशवीतली हत्यारं उगाच लावू लागला.

“आई माझ्याकडे येईल. तिथे दिवसभर घरात माणूस असतं.”

“आणि मी काय करू तिथे?” ताई म्हणाली.

“काही करायचं नाही. आराम.”

“तेच म्हणते मी.” ताईचा आवाज बारीक झाला. “इथलं मला पाठ आहे रे. तिथे मी नुसतं सामान होईन. इकडून उचललं, तिकडे ठेवलं.”

ताई गेली तर आपण उरलेल्या आयुष्यात कोणाला वाचून दाखवायचं, हा विचार मामाला आला आणि त्याची त्याला शरमही वाटली. बराच वेळ हो-नाही झाल्यावर शेवटी भाच्याने अट घातली. रविवारी सकाळी आईने एकटीने खाली जायचं, अंगण ओलांडून फाटकाबाहेरच्या दुकानातून ब्रेड आणायचा आणि एकटीनेच परत यायचं. कोणी हात धरायचा नाही, कोणी हाक मारायची नाही. जमलं तर एक तिकीट रद्द. नाही जमलं तर सोमवारी दोघंही गाडीत.

“कबूल,” ताई म्हणाली.

मामाने सहा दिवसांची रजा टाकली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे कंपनीला वाटलं, याच्या घरी कोणीतरी वारलं. पहिल्या दिवशी त्याने आलेखाच्या कागदावर इमारतीचा सुबक नकाशा काढला, चौकोन, रेघा, बाण. संध्याकाळी अभिमानाने ताईसमोर ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“नकाशा काढला होता.”

“मग मला दाखवतोस काय? वाच.”

मग तो वाचायला बसला, खेळ वाचावा तसा. ‘तू बोळात उभी आहेस. डावा हात भिंतीला लागतो. भिंत खरबरीत आहे.’ ताई म्हणायची, “पुढे जा.” ‘पहिलं दार. पायपुसणं जाड.’ “पुढे.” स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून दोन दिवस त्यांनी अख्खी इमारत खेळून काढली. मामाला ठिकठिकाणी अडायला झालं, कारण ताई विचारी, दुकानाआधी काय ऐकू येतं? त्याला माहीत नसे. मग तो खाली जायचा, डोळे मिटून उभा राहायचा आणि येऊन सांगायचा, पंख्याचा आवाज येतो, उजवीकडून. फाटकावरचा पहारेकरी त्याच्याकडे संशयाने बघू लागला.

प्रश्न उरला मजल्यांचा. लिफ्ट वाटेत कोणीही थांबवणार, मग आपण कितव्या मजल्यावर उभे हे कसं कळणार? मामा डोकं खाजवत राहिला. ताई म्हणाली, “मिठाच्या खाणीत काय केलं होतं?”

मामाने स्वतःच्या कपाळावर हात मारला. त्याच दिवशी लिफ्टसमोरच्या कठड्याला दर मजल्यावर एकेक वस्तू बांधली गेली. तिसऱ्यावर चामड्याचा पट्टा, दुसऱ्यावर पडद्याची लाकडी कडी, पहिल्यावर स्पंजचा तुकडा आणि तळमजल्यावर एक जुनी मोठी किल्ली. उतरलं की हात पुढे करायचा. पट्टा लागला तर घर, नाहीतर परत लिफ्टमध्ये.

गुरुवारी पहिली तालीम झाली. ताई खाली गेली, फाटकाला हात लावून परत आली, लिफ्टमधून बाहेर पडली आणि उभीच राहिली. कठड्यावर हात फिरवतेय, काही लागत नाही. परत आत गेली, दुसऱ्यावर, पहिल्यावर, पुन्हा तिसऱ्यावर. घाबरीघुबरी झाली. मामा धावत गेला तर पट्टा जागेवर नाही. शोधाशोध झाली. शेवटी तो ताईच्या पिशवीत निघाला.

“हा इथे कसा?”

ताई ओशाळली. “जाताना हाताला लागला. घेतला.”

“अगं, घेतला काय!”

“जे दिसेल ते उचलायचं ना?”

सरळ वाट शोधणाऱ्या माणसाने खुणेची वस्तू उचलली नसती. ही चूक करायला चार वर्षं या खेळांत मुरावं लागतं. मामाला हसू येईना आणि रागावताही येईना. भाचा दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याने पाकिटातली तिकिटं एकदा बाहेर काढून वेळ पाहिली आणि परत ठेवली. शुक्रवारी, शनिवारी मामाने ताईला बजावून बजावून सांगितलं, उचलू नकोस. ती म्हणायची, “बरं बाई. किती डोकं खाशील?”

रविवारी सकाळी साडेनऊला ताई निघाली. ठेवणीतली साडी, पायात बांधलेली चप्पल, हातात कापडी पिशवी. दार ओढून घेताना म्हणाली, “इशारा नाही.” मामा आणि भाचा मागच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथून अंगण दिसत होतं. खाली लिफ्टचं दार वाजलं आणि थोड्या वेळाने ताई उन्हात आली. पावलं मोजत, हौदाच्या कडेने, अगदी सांगितल्यासारखी.

“चाललीय की छान,” भाचा म्हणाला.

मामा पुढे वाकला. ताईच्या डाव्या मनगटाला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला होता.

जित्याची खोड! गुरुवारचीच चूक, आणि तीही आज. आता ती परत येणार, कठडा चाचपणार, काही लागणार नाही, आणि उद्या या घरात एकटी कपाटं उरणार. नुसती हाक मारली असती तर पुरे होतं. ‘ताई, पट्टा!’ दोन शब्द. त्या खेळांतही दोनच शब्द लागतात. तोंड उघडलंसुद्धा त्याने, आणि मिटलं. हाक मारली तर सगळंच संपलं, आणि ती जन्मात क्षमा करणार नाही. भाच्याने त्याच्याकडे पाहिलं. “काय रे मामा?” “काही नाही,” मामा म्हणाला, आणि गॅलरीचा गज घट्ट धरून उभा राहिला.

ताई फाटकाबाहेर गेली. नऊ मिनिटांनी परत आत आली. अंगण ओलांडून दिसेनाशी झाली. दोघे पुढच्या दाराशी येऊन थांबले. दार उघडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मामाने दाराला कान लावला. लिफ्ट सुरू झाली. तो आवाज त्याला आपल्या श्वासाइतका ओळखीचा होता. ती पहिल्या मजल्यावर थांबली.

“कोणी बोलावली असेल,” भाचा म्हणाला.

दार उघडलं, पुन्हा लागलं. लिफ्ट निघाली आणि दुसऱ्यावर थांबली. दार उघडलं. मग काहीच नाही. मामाला शिवणवाल्या बाईंची खुर्ची दिसू लागली. ताई आता पाच दारं मोजत असेल. रविवार, बाईंचं मशीन बंद, कळायचं कसं? भाच्याने कडीला हात घातला. मामाने त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

“मामा, ती चुकलीय!”

“थांब.”

“अरे, पण...”

“थांब म्हणतो ना! तिचा डाव आहे.”

बाहेर पुन्हा दार लागलं. लिफ्ट वर सरकली. तिसऱ्यावर थांबली. चपलेचा आवाज, भिंतीला घासत येणारा हात, एक, दोन, तीन, चार, पाच. बेल वाजली.

दार उघडलं तर ताई घामाघूम उभी. आत आली, पिशवी खुंटीला न लावता सरळ टेबलावर उपडी केली. ब्रेड निघाला, जरा चेपलेला. त्याच्या मागोमाग किल्ली, स्पंजचा तुकडा, लाकडी कडी. मनगटावरचा पट्टा सोडून तिने त्यांच्यापाशी ठेवला.

भाच्याला काहीच उमगेना. मामा खुर्चीत बसला. “ताई,” तो म्हणाला, “पहिल्यावर आणि दुसऱ्यावर...”

“उतरले. वस्तू घ्यायला. खाण सुटल्यावर मागे टाकून यायचं नाही, विसरलास?”

“पण पट्टा आधीच काढलास! मजला कळला कसा?”

“तुझ्या लिफ्टवरून. दुसऱ्यावर थांबताना ती कण्हते. बत्तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करतोस, तुझ्या लक्षात नाही आलं?” ती पदराने तोंड पुसत हसली. “शनिवारीच कळलं मला. म्हटलं, वस्तूंची गरज नाही आता. त्या बांधलेल्या राहिल्या असत्या तर हा म्हणाला असता, आई खुणांवर चालते, उद्या कोणी खुणा काढल्या तर? म्हणून मीच काढल्या.”

भाच्याने पाकिटातून एक तिकीट काढलं आणि फाडायला लागला. “अरे, फाडू नको, रद्द करून घे,” ताई म्हणाली. तिला तो आवाजही ऐकू गेला होता. भाचा हसला आणि एकदम तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहानासारखा रडला. मामाने तेव्हा ब्रेड कापायला घेतला.

संध्याकाळी मामाने एक पुठ्ठ्याची रिकामी पेटी शोधली. त्यात इमारतीचा नकाशा घातला, किल्ली, स्पंज, कडी आणि पट्टा घातला, सगळं मोजून, आणि वर तारीख लिहिली. कपाट उघडून तो खालच्या कप्प्यात जागा करू लागला. ताई खुर्चीतून ऐकत होती.

“काय ठेवतोयस?”

“तुझा खेळ. सुटलेल्यांत.”

“वर ठेव,” ताई म्हणाली. “गच्ची राहिलीय अजून.”